सात नंबरची डिस्क

“डोळे मीट,” मुजावर बाई म्हणाल्या.

“कशाला?”

“मीट म्हणते ना. आणि तोंडही मीट.”

विट्यात माझ्याशी असं बोलायची तेव्हा कुणाची टाप नव्हती. बाईंची होती, कारण मला टायपिंग त्यांनीच शिकवलं होतं. लोखंडी टाइपरायटरवर, चार नंबरच्या मशीनवर, बोटांवर पट्टीचे फटके देऊन. मी मुकाट्यानं डोळे मिटले.

गुरुवारची सकाळ होती, साडेआठचा सुमार. ‘मुजावर टायपिंग इन्स्टिट्यूट’च्या लांबट खोलीत दहा कॉम्प्युटर होते आणि त्यातल्या सात नंबरवर मालाताई एकटी बसली होती. विजयमाला ऐवळे. सोमवारी तिची शासनाची टायपिंगची परीक्षा होती. त्या परीक्षेच्या प्रोग्रॅमवर ती सात मिनिटांचा मराठी उतारा मारत होती.

“ऐकू येतंय?” बाईंनी हळूच विचारलं.

“टायपिंग ऐकू येतंय.”

“आणि थांबणं?”

ते ऐकू आलं. टकटक छान ओघात चालायची, मध्येच पायाला ठेच लागल्यासारखी अडायची. पुन्हा ओघ, पुन्हा ठेच. बाई प्रत्येक ठेचेला हातातली पेन्सिल टेबलावर आपटत होत्या.

“घाबरते ती बाई,” मी डोळे उघडून म्हणाले. “सरावाला पस्तीसचा स्पीड आणि परीक्षेचं घड्याळ दिसलं की गाडी पंक्चर. सगळ्या गावाला माहीत आहे.”

“दमयंती, तीस वर्षं मी घाबरलेली माणसं ऐकतेय. घाबरलेलं माणूस आधी घाई करतं, मग अडखळतं, मग रडतं. हिचं घड्याळ लावून मोज जरा.” बाईंनी पेन्सिल पुन्हा आपटली. “माणूस इतकं नेमानं घाबरत नाही.”

आता मी कोण ते सांगते. या गोष्टीला दहा-बारा वर्षं झाली. मी सव्वीस वर्षांची होते आणि विट्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एकटी बाई होते. स्टँडजवळ माझा लहानसा गाळा होता, त्यावर ‘पोळ कॉम्प्युटर्स’ अशी पाटी होती. गिऱ्हाईक आत यायचं, मला वरपासून खालपर्यंत बघायचं आणि विचारायचं, “पोळसाहेब कुठं गेलेत?” मी म्हणायचे, “समोर बसलेत, बोला.” माझ्या नाकावर माशी बसायची नाही. बसली असती तरी मी तिला हाकललं नसतं, आधी नाव विचारलं असतं, इतका मला माझा रुबाब प्यारा होता.

आणि त्या रुबाबाचं सगळ्यात मोठं कारण ही खोली होती. शासनानं टाइपरायटरवरच्या परीक्षा बंद करून कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरवल्या, तेव्हा बाईंनी बावीस टाइपरायटरना खोळी घातल्या आणि कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेले दहा कॉम्प्युटर आणले. ते इतका आवाज करायचे, की खोलीत पिठाची गिरणी चालल्यासारखं वाटायचं. शिवाय विट्यात तेव्हा भारनियमन. लाइट गेली की सगळा भार इन्व्हर्टरवर, आणि बॅटरी तासाभरात मान टाकायची. मी बाईंना सांगितलं, डिस्क बदलू.

हार्ड डिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं कपाट. लिहिलेलं सगळं तिथं राहतं. आत एक तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावर एक बारीकसा काटा लिहीत-वाचत हिंडत असतो. मी निवडल्या त्या डिस्क नव्या तऱ्हेच्या होत्या. तबकडी सावकाश फिरायची, गरम व्हायची नाही, आणि काम नसलं की काटा आपला आपण बाजूला जाऊन विसावायचा. वीज कमी, आवाज शून्य. दहाच्या दहा मशीनमध्ये त्या बसवल्यावर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला खोलीत नेऊन म्हणायचे, “ऐका. काही ऐकू येतंय? नाही ना? तेच तर!” तालुक्यात इतकी शांत खोली दुसरी नव्हती.

त्या शांत खोलीत मालाताई सहा महिन्यांपूर्वी नापास झाली होती.

तिचा नवरा पंचायत समितीत लिपिक होता. काविळीनं गेला. त्याच्या जागी अनुकंपेवर तिला घेतलं. अट एकच, दोन वर्षांच्या आत मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र आणायचं, मिनिटाला तीस शब्द. नाही आणलं तर नोकरी गेली. चौतिसाव्या वर्षी ती पहिल्यांदा कीबोर्डला बोटं लावत होती. पहिल्या परीक्षेला ती कच्चीच होती, ते तीही कबूल करायची. दुसऱ्या वेळी मात्र सरावात पस्तीसपर्यंत गेली होती, आणि परीक्षेत चोवीस शब्द. वर चुकांचा पाऊस, एकेक अक्षर दोन-दोनदा पडलेलं. सोमवारची परीक्षा तिसरी. मुदतीच्या आत दुसरी होणार नव्हती.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती सांगायला मला आजही जड जातं. त्या दुसऱ्या परीक्षेच्या आधी मालाताई एकदा भर वर्गात मला म्हणाली होती, “पोळ मॅडम, अक्षर येळेवर उमटत न्हाई ओ. मशीन मधीच थांबतंय.” माझ्या डिस्क नव्याकोऱ्या. माझा रुबाब ताजा. मी सगळ्यांसमोर म्हणाले, “मालाताई, नाचता येईना अंगण वाकडं!” अख्खा वर्ग हसला. तीही हसली. त्यानंतर तिनं मशीनचं नाव म्हणून काढलं नाही.

तर बाईंनी मोज म्हटलं आणि मी मनगटावरचं घड्याळ बघायला लागले. केवळ बाईंना खोटं पाडण्यासाठी. पेन्सिल वाजली, मी काटा पाहिला. पुन्हा वाजली, दहा सेकंद. पुन्हा, दहा सेकंद. अकरा नाही, नऊ नाही. चार वेळा, पाच वेळा, सहा वेळा दहा सेकंद.

मी उठले, मालाताईच्या टेबलाखाली गुडघे टेकले आणि तिच्या पायाजवळच्या डब्याला कान लावला. लोखंड गार होतं, जसं असावं म्हणून मी ऐटीत निवडलं होतं. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग एक नाजूक ‘टिक’. कुणी हलक्या हातानं कडी लावावी तशी. त्यानंतर दोन सेकंदांनी वर मालाताईची बोटं अडली, आणि आत काटा जागचा उठल्याची कुरकुर झाली.

मी तशीच टेबलाखाली बसून राहिले. सगळं कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

परीक्षेचा प्रोग्रॅम दर दहा सेकंदांनी लिहिलेला मजकूर डिस्कवर ठेवून द्यायचा, लाइट गेली तरी कुणाचा उतारा जाऊ नये म्हणून. आणि माझी डिस्क आठ सेकंद काम मिळालं नाही की काटा मिटून घ्यायची. आठव्या सेकंदाला हिची झोप, दहाव्याला त्याची हाक. हाक आली की काटा उठायचा, जागेवर यायचा, मग लिहायचा. तोवर सगळा कॉम्प्युटर दारात पाहुण्यासारखा ताटकळत उभा. असेल पाऊण सेकंद. तेवढ्यात मारलेलं अक्षर पडद्यावर दिसायचं नाही. मालाताईला वाटायचं की कळ नीट दाबली गेली नाही, म्हणून ती पुन्हा दाबायची, आणि काटा जागेवर आला की दोन्ही अक्षरं एकदम उमटायची. मग ती खोडत बसायची. सात मिनिटांत अशा ठेचा बेचाळीस.

सरावाचा प्रोग्रॅम निराळा होता, तो काही जपून ठेवायचाच नाही. डिस्क खुशाल झोपलेली, कुणी हाक मारत नव्हतं. म्हणून सरावाला पस्तीस आणि परीक्षेला चोवीस. माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी आणि बाई दोघी टाइपरायटरवर शिकलेल्या. आमची नजर कागदावरून हलत नाही. पडद्यावर अक्षर उशिरा उमटलं काय, लवकर उमटलं काय, आम्हाला पत्ताच नाही. आणि मालाताईच्या वर्गाला “पडद्याकडे बघत चला, चूक तिथल्या तिथं कळते” हे शहाणपण कुणी शिकवलं होतं? मीच, दर शनिवारी. ज्यांचा वेग मुळातच जास्त होता ते या ठेचांतूनही निभावून जायचे, काठावरची मालाताई अडकायची.

वर घड्याळ संपलं. सव्वीस शब्द. मालाताईनं पदराला हात पुसले आणि ती कुणाकडेही न बघता म्हणाली, “सोमवारपत्तूर करते काहीतरी. देवाचं नाव घेऊन बसते.”

बाईंनी मला खोलीच्या कोपऱ्यात बोलावलं. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं.

“बरं,” बाई म्हणाल्या. “आता तिला सांग.”

“बाई, आधी दुरुस्त करते. उद्या दुपारी बारा वाजता तपासनीस येऊन मशीन सील करणार. आज दिवसभरात काहीतरी करते, मग सोमवारी ती पास होईलच. नंतर सांगू की निवांत.”

“नंतर सांगशील तर ती काय समजेल? भित्री होते, देवाच्या कृपेनं कशीबशी निभावले.” बाईंनी चष्मा काढला. “सोमवारी ती भित्री म्हणून बसणार का चांगली टायपिस्ट म्हणून बसणार, ते आत्ता ठरतंय. जा.”

खरं सांगू? मला मालाताईची भीती नव्हती, स्टँडची भीती होती. तिथं कॉम्प्युटरची आणखी दोन दुकानं होती, आणि पोळबाईनं अख्ख्या सेंटरमध्ये चुकीचा माल बसवला ही बातमी तिथं चहाच्या आधी पोचली असती. तरी मी गेले. पट्टीचे फटके खाल्लेली बोटं होती ना.

“मालाताई,” मी म्हणाले, “तुम्ही घाबरत नाही.”

तिला वाटलं मी धीर देतेय. “व्हय की. न्हाई घाबरत आता.”

“तसं नाही. तुम्ही कधीच घाबरत नव्हता. हे मशीन थांबतं. दर दहा सेकंदांनी थांबतं. मी बसवलेली डिस्क झोपते आणि तुमचं अक्षर तिच्या उठण्याची वाट बघत बसतं. तुमचे हात थांबत नाहीत.”

तिनं खुर्ची माझ्याकडे वळवली.

“आनि मागल्या टायमाला?”

“मागच्या वेळीही हेच मशीन होतं. हीच डिस्क होती.”

“मंजे मी घाबरून नापास न्हाई झाले?”

“नाही.”

“परत म्हना.”

“काय?”

“ते पयलं. मी घाबरत न्हवते ते.”

मी परत म्हणाले. तिनं मान हलवली, आणि मी न सांगता तिसऱ्यांदा म्हणाले. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.

“ऑफिसात सगळी मला भित्री बाई म्हनत्यात,” ती म्हणाली. “साहेब पन. माझी पोरगी नऊ वर्साची हाय, शाळंला जाताना दारात उभी ऱ्हाऊन मला सांगती, ‘आई, घाबरू नकोस हं.’ रोज. पोरगी आईला सांगती.”

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तिचा आवाज एकदम बदलला.

“तुमी ती म्हन म्हनला हुता. अंगनाची.”

“म्हणाले होते. अंगण खरंच वाकडं होतं, मालाताई. आणि ते मीच सारवलेलं होतं.”

मला वाटलं आता ती चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर मी ते ऐकून घेतले असते. ती उठली, खुर्ची मागे सारली आणि मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, “मग सरळ करा की ते. सोमवारी मला नाचायचंय.”

बाई कोपऱ्यातून मोठ्यानं हसल्या, आणि आम्ही तिघी कामाला लागलो.

डिस्कला झोपू न देणारा एक छोटा प्रोग्रॅम मिळायचा, पण परीक्षेच्या मशीनवर परका प्रोग्रॅम चालवायला मनाई होती. मालाताईनं कागदावरून नजर काढू नये हाही एक उपाय होता, पण नजरेची सवय चार दिवसांत मोडत नाही, आणि तिनं ती का मोडावी? राहता राहिला एकच मार्ग, दहाच्या दहा डिस्क बदलायच्या. विट्यात दहा डिस्क एका दिवसात मिळणं शक्य नव्हतं.

“जुन्या चालतील?” बाईंनी विचारलं.

“त्या तर मी तुम्हाला भंगारात घालायला सांगितल्या होत्या.”

बाईंनी टाइपरायटरच्या खोळींमागचं लाकडी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात मी काढलेल्या दहाही जुन्या डिस्क होत्या. प्रत्येक जुन्या सराव-कागदात गुंडाळलेली, प्रत्येकीवर दोरा, दोऱ्याला मशीनचा नंबर.

“मी काही टाकत नाही,” बाई म्हणाल्या. “तुला तरी कुठं टाकलं?”

त्या डिस्क मापानं लहान होत्या, जोरात फिरायच्या, तापायच्या आणि खरखर करायच्या. पण त्या कधी झोपत नव्हत्या. अक्षर आलं की काटा तयारच उभा. मी एका डिस्कवर सगळं नव्यानं चढवलं, परीक्षेचा प्रोग्रॅम बसवला आणि तिच्यावरून बाकीच्यांवर नकला उतरवायला घेतल्या. मालाताईनं ऑफिसला रजेचा निरोप धाडला आणि हातात पेचकस घेतला. दुपारपर्यंत ती डबे असे उघडायला लागली, जणू डाळीचे डबे उघडतेय. स्क्रू ती आपल्या जेवणाच्या डब्याच्या झाकणात ठेवायची आणि कुठला कुठला ते मला बिनचूक काढून द्यायची. बाई दर तासाला चहा करून आणायच्या आणि माझ्या कामावर टीका करायच्या.

चारच्या सुमाराला सात नंबरचं मशीन तयार झालं. चालू केलं तशी ती जुनी गिरणी पुन्हा घरघरली.

“बसा मालाताई.”

ती बसली. बाईंनी नवा उतारा दिला, पेन्सिल हातात घेतली आणि डोळे मिटले. मीही मिटले. या वेळी कुणी सांगायची गरज नव्हती.

टकटक सुरू झाली. खरखरीच्या वर ती स्पष्ट ऐकू येत होती. मी मनात दहा मोजले. ठेच नाही. पुन्हा दहा. ठेच नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली, तिचा हात लागला आणि वेग वाढत गेला. विहिरीवरचा रहाट एका लयीत फिरावा तसा तो आवाज चालला होता. बाईंची पेन्सिल वर उचललेलीच राहिली. सात मिनिटांत ती एकदाही खाली आली नाही.

सदतीस शब्द, चुका तीन.

मालाताईनं तो आकडा बोटानं पडद्यावर शिवून पाहिला. मी त्या दिवसापर्यंत खूप मशीन दुरुस्त केली होती आणि प्रत्येक वेळी माझीच पाठ थोपटून घेतली होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या हातांचा एवढा अभिमान वाटला, की ऊर भरून आला.

आता विजेचं गणित उरलं होतं. सोमवारी अकराला लाइट जाणार हे ठरलेलं. या दहा खादाड डिस्कांनी इन्व्हर्टर निम्म्यात बसला तर सगळंच मुसळ केरात. मी जुन्या आणि नव्या डिस्कच्या खाण्यातला फरक कागदावर मांडला, दहांनी गुणला आणि उत्तराकडे बघत बसले.

“किती होतंय?” बाईंनी विचारलं.

“एक पंखा.”

“म्हणजे?”

“एक पंखा बंद ठेवला तर भरपाई होते. एका पंख्याची वीज वाचवली होती मी, बाई. एवढीच.”

बाईंनी छताकडे पाहिलं. खोलीत चार पंखे होते. “पर्यवेक्षकाच्या टेबलावरचा बंद करू,” त्या म्हणाल्या. “त्यांना कुठं टायपिंग करायचंय?”

शुक्रवारी बाराला तपासनीस आले. प्रत्येक मशीन चालू करून बघता बघता त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मागच्या वेळी ही मशीन किती शांत होती. आता एवढा आवाज का करतायत?”

“जागी आहेत म्हणून,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी सील करायला लाख पुढे केली.

सोमवारी परीक्षा सुरू झाली तेव्हा आम्हाला दोघींना आत जायची परवानगी नव्हती. आम्ही खिडकीखालच्या पायरीवर बसलो. मार्च महिन्याचं ऊन डोक्यावर आलं होतं. मालाताईची तुकडी पावणेअकराला आत गेली. जाताना ती माझ्याजवळ थांबली.

“पोरगीनं आज काय सांगितलं म्हाईताय?”

“काय?”

“म्हनली, ‘आई, तू घाबरत नाहीस ना, मग मी शाळंला जाते.’ आनि मागं वळून बगितलं पन न्हाई.”

आत दहा मशीन घरघरत होती. अकराला पाच कमी असताना उतारा सुरू झाला आणि दहा जणांची टकटक एकदम उठली. त्यात मालाताईची कुठली, ते मला ओळखू येईना. बाईंना आलं. “खिडकीपासून तिसरी,” त्या कुजबुजल्या. “जड हात आहे तिचा, पण सरळ आहे.” मग मलाही ऐकू यायला लागलं.

अकराला लाइट गेली. ठरल्याप्रमाणे, मिनिटाचाही फरक न करता. रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद पडलं, कुणाच्यातरी घरातला रेडिओ गप्प झाला. आत इन्व्हर्टरनं एक हुंकार दिला. टकटक थांबली नाही. पंखा नसलेल्या पर्यवेक्षकांनी कागदानं वारा घ्यायला सुरुवात केली, तेही ऐकू आलं. मी बाईंचा हात धरला होता हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांच्या दुसऱ्या हातात पेन्सिल होती, आणि ती स्वस्थ होती.

वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा बाई म्हणाल्या, “पास.”

“निकाल दोन महिन्यांनी आहे, बाई.”

“तुमच्या निकालाला दोन महिने लागतात. मला सात मिनिटं लागली.”

दोन महिन्यांनी निकाल आला. मालाताईला छत्तीसचा स्पीड, आणि तिच्या तुकडीतले दहापैकी नऊ जण पास. ती प्रमाणपत्राची प्रत घेऊन थेट माझ्या गाळ्यात आली, बरोबर पोरगीला घेऊन. तोवर स्टँडवर सगळं पसरलं होतं. मी नाही, बाईंनीच पसरवलं होतं. त्या जो भेटेल त्याला सांगत होत्या, “आमच्या दमयंतीनं स्वतःची चूक टेबलाखाली कान लावून शोधली आणि तोंडावर कबूल केली. आहे कुणी तुमच्यात असा?” माझं गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट वाढलं. आणि मुख्य म्हणजे पोळसाहेबांची चौकशी बंद झाली.

मालाताईनं माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, “मॅडम, एक मागू?”

“मागा की.”

“ती सात नंबरची डिस्क. झोपत हुती ती. मला द्या.”

“काय करणार तिचं?”

“असू दे माझ्यापाशी.”

मी ती काढून दिली. पोरगीनं ती कानाला लावून पाहिली आणि म्हणाली, “आई, ही तर काहीच बोलत नाही.”

पुढं मी कोल्हापूरला आले, धंदा वाढला, बाई थकल्या. दोन वर्षांपूर्वी सांगलीत एका सरकारी कार्यालयाचं काम मला मिळालं. चाळीस कॉम्प्युटर तपासायचे होते. वरच्या मजल्यावर गेले तर खिडकीजवळच्या मोठ्या टेबलामागं मालाताई. केस पांढरे, चष्मा सोनेरी काडीचा, पुढ्यात ‘वि. रा. ऐवळे, वरिष्ठ सहायक’ अशी पाटी. मला बघून ती उठून उभी राहिली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ह्या पोळ मॅडम. माझ्या गुरू.”

“गुरू मुजावर बाई,” मी म्हणाले.

“बाई मोठ्या गुरू. तुम्ही धाकट्या.” तिची भाषा आता ऑफिसातली झाली होती, पण हसणं विट्याचंच होतं.

तिच्या डोक्यावर पंखा पुरा जोरात फिरत होता. टेबलावर कागदांची चळत फडफडत होती, आणि तिच्यावर ठेवलेली वस्तू मी लांबूनच ओळखली. सात नंबरची डिस्क. कडा घासून चकचकीत झाल्या होत्या.

तेवढ्यात चाळिशीच्या एक बाई सही घ्यायला आल्या. नव्या असाव्यात, हातातली फाइल छातीशी घट्ट धरलेली. मालाताईनं डिस्क उचलून बाजूला ठेवली, खालचा कागद काढला आणि सही केली.

“हे काय आहे मॅडम?” त्या बाईंनी डिस्ककडे बघत विचारलं.

“हे होय? माझी भीती आहे ती. कागद उडू नयेत म्हणून ठेवते.”

बाई गोंधळून हसल्या आणि वळल्या. मालाताईनं त्यांना थांबवलं. “तुमच्या टायपिंगच्या परीक्षेचं काय झालं? मुदत पुढच्या महिन्यापर्यंत आहे ना?”

“दोनदा बसले मॅडम,” त्या खाली बघत म्हणाल्या. “घरी छान येतं. तिथं गेलं की हात थांबतात. मी घाबरते.”

“कुणी सांगितलं?”

“काय?”

“तुम्ही घाबरता म्हणून. कुणी सांगितलं तुम्हाला?”

मालाताईनं डिस्क पुन्हा कागदांवर ठेवली आणि माझ्याकडे वळली.

“पोळ मॅडम,” ती म्हणाली, “त्या कुठं परीक्षेला बसतात ते विचारून घ्या. आणि आधी तिथलं मशीन बघा.”